दोनच नावं का? अमेरिकेतल्या घरगुती इंटरनेटच्या तारेची गोष्ट



आजची गोष्ट सुरू होते रविवार सकाळच्या फोनपासून. आपली सकाळ म्हणजे तिकडची संध्याकाळ. आई खुर्ची ओढून खिडकीपाशी बसलेली असते. गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल डॉक्टर काय म्हणाले हे ती सांगायला लागते, आणि नेमकं तेव्हाच चित्र गोठतं. तोंड अर्धवट उघडं, हात हवेत. आपण इकडून "ऐकू येतंय का, ऐकू येतंय का" म्हणत राहतो. पुन्हा फोन जोडेपर्यंत ती कंटाळून म्हणते, "जाऊ दे रे, पुढच्या रविवारी सांगते."

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे हे इतक्या वेळा झालं, की शेवटी ठरवलं, इंटरनेटची कंपनी बदलायची. संगणकावर घरचा पत्ता टाकला आणि आपल्या गल्लीत कोण कोण सेवा देतं ते पाहिलं. नावं निघाली दोन. एक, जिला आम्ही कंटाळलो होतो ती. दुसरी, जिला कंटाळून आमचे शेजारी पहिलीकडे आले होते ती.

ज्या देशात दुकानात टूथपेस्टचे चाळीस प्रकार मांडलेले असतात, तिथे इंटरनेटला दोनच नावं का? त्याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं.

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना टेलिफोनचं पेटंट मिळालं 1876 मध्ये. ती मुख्य पेटंटं 1893 आणि 1894 मध्ये संपली आणि गावोगावी नव्या टेलिफोन कंपन्या उगवल्या. स्पर्धा होती, पण एका कंपनीचा फोन दुसऱ्या कंपनीच्या फोनला लागत नसे. दुकानदाराला सगळी गिऱ्हाइकं हवी असतील तर त्यानं दुकानात दोन फोन ठेवायचे, दोन बिलं भरायची. एटी अँड टीचे प्रमुख थिओडोर व्हेल यांचं म्हणणं होतं, की देशात टेलिफोनची एकच व्यवस्था असावी. पुढे 1913 मध्ये कंपनीनं सरकारशी समझोता केला आणि इतर कंपन्यांना आपल्या लांब पल्ल्याच्या तारांशी जोडून घ्यायचं मान्य केलं. तरी पुढची सत्तर वर्षं बहुतेक अमेरिकेसाठी टेलिफोन म्हणजे हीच एक कंपनी होती. तार तिची, खांब तिचे, आणि घरातला फोनसुद्धा तिचाच. तो दरमहा भाड्यानं मिळायचा, विकत नाही. दुसऱ्या कुणाचं यंत्र त्या तारेला जोडायला मनाई होती.

ही मनाई मोडली टेक्ससच्या थॉमस कार्टर यांनी. शेतावर, तेलविहिरींवर काम करणाऱ्या लोकांचा रेडिओ टेलिफोनला जोडणारं एक साधं यंत्र त्यांनी बनवलं होतं, नाव कार्टरफोन. एटी अँड टीनं विरोध केला. 1968 मध्ये एफसीसी, म्हणजे केंद्रीय दूरसंचार आयोगानं कार्टर यांच्या बाजूनं निकाल दिला: जाळ्याला अपाय होत नसेल तर गिऱ्हाईक आपलं यंत्र जोडू शकतं. पुढे दुकानातून विकत आणलेला फोन, फॅक्स आणि कीं-कीं करणारा मोडेम आपल्या घरात आला, तो याच वाटेनं.

दुसरा मोठा धक्का 1 जानेवारी 1984 चा. सरकारनं भरलेल्या खटल्याच्या तडजोडीतून एटी अँड टीचे तुकडे झाले आणि सात प्रादेशिक कंपन्या वेगळ्या निघाल्या. त्या काळात इथे आलेल्या आपल्या काका-मावशींना विचारा. रात्री जेवायला बसलं की "आमच्याकडे या, भारताचा दर कमी देतो" असं सांगणारे फोन यायचे. लांब पल्ल्याच्या फोनसाठी कंपनी निवडता येऊ लागली आणि दर खाली आले.

पण एक गोष्ट तशीच राहिली. खांबावरून घरात येणारी शेवटची तार प्रादेशिक कंपनीच्याच ताब्यात होती. स्पर्धा दोन शहरांच्या मध्ये आली, आपल्या दारात आली नाही. या प्रादेशिक कंपन्या पुढे एकमेकींत मिसळत गेल्या. न्यू जर्सीतल्या श्रोत्यांना ठाऊक असलेली व्हेरायझन ही मूळच्या बेल अटलांटिकमधून आलेली. आणि आजची एटी अँड टी म्हणजे त्या सातांपैकी एकीनं, एसबीसीनं, 2005 मध्ये जुनी आईच विकत घेऊन लावलेलं तिचं नाव.

आता दुसरी तार. 1948 च्या सुमाराला पेनसिल्वेनिया, ऑरेगन अशा राज्यांतल्या डोंगराळ गावांत टीव्ही विकत घेतला तरी चित्र दिसत नसे. मग कुणीतरी टेकडीवर उंच अँटेना उभारला आणि तिथून घरोघर तार ओढली. हा केबल टीव्हीचा जन्म. रस्त्यावरून तार न्यायची तर गावाचा परवाना हवा, आणि बहुतेक गावांनी तो एकाच कंपनीला दिला. एकालाच मक्ता देण्यावर 1992 च्या कायद्यानं बंदी घातली. पण तोवर एकीची तार घरोघर पोचलेली होती. दुसरीनं तेवढाच खर्च करून तीच गिऱ्हाइकं अर्धी अर्धी वाटून घ्यायची, हा आतबट्ट्याचा व्यवहार कोण करणार?

म्हणून आपल्या घरात दोन तारा आल्या: एक फोनची, एक टीव्हीची. पुढे इंटरनेट आलं ते याच दोन तारांवर बसून. माझ्या पडद्यावरची दोन नावं म्हणजे या दोन तारा होत्या.

हे बदलायची एक संधी आली होती. 8 फेब्रुवारी 1996 रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी नव्या दूरसंचार कायद्यावर सही केली. जुन्या टेलिफोन कंपन्यांनी आपल्या तारा प्रतिस्पर्ध्यांना भाड्यानं द्याव्यात, असं त्यात होतं. म्हणजे तार एकच, पण तिच्यावरून सेवा विकणारे अनेक. 1999 मध्ये एफसीसीनं त्याच तांब्याच्या तारेवर दुसऱ्या कंपनीला इंटरनेट विकायची मुभा दिली, आणि 2003 मध्ये ती मागे घ्यायचं ठरवलं. केबलच्या तारेला तर हे बंधन लागलंच नाही. 27 जून 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयानं 'ब्रँड एक्स' खटल्यात 6 विरुद्ध 3 मतांनी एफसीसीची भूमिका उचलून धरली: केबलवरचं इंटरनेट ही 'माहिती सेवा' आहे, 'दूरसंचार सेवा' नव्हे, त्यामुळे तार वाटून घ्यायची सक्ती नाही. कंपन्यांचं म्हणणं होतं, की आम्ही तारा टाकायच्या आणि वापरायच्या दुसऱ्यांनी, तर नव्या तारा टाकेल कोण? मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. पण त्याची किंमत गिऱ्हाइकानं मोजली.

याच्या उलट आपल्याकडचा केबलवाला आठवा. 1991 च्या आखाती युद्धानंतर मुंबई-पुण्यात एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर, झाडांना गुंडाळत तारा गेल्या. पुढे त्याच केबलवाल्यांपैकी कित्येक जण इंटरनेटही देऊ लागले. कागदोपत्री सगळा गोंधळ, पण बंद पडलं की फोन करून "अहो दादा, माणूस पाठवा ना" म्हणायची सोय. इथे खांबावर चढायलाही परवाना, करार आणि विमा लागतो. शिस्त आहे, पण नव्या माणसाला आत शिरणं महाग आहे.

तिसरी वाट काही गावांनी स्वतः काढली. टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहराची स्वतःची वीज कंपनी आहे, ईपीबी. वीजजाळं सुधारण्यासाठी तिनं शहरभर फायबर टाकलं आणि 2010 मध्ये आपल्या क्षेत्रातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सेकंदाला 1 गिगाबिट वेग देऊ केला. केबल कंपन्यांनी आधीच कोर्टात धाव घेतली होती, पण फायबर आलंच. शेजारच्या गावांनी "आम्हालाही द्या" म्हटलं, तेव्हा मात्र राज्याचा कायदा आडवा आला: वीजक्षेत्राबाहेर जायचं नाही. एफसीसीनं 2015 मध्ये तो अडसर काढायचा प्रयत्न केला. 2016 मध्ये अपील न्यायालयानं तो फेटाळला. रस्त्याच्या एका बाजूला फायबर, दुसऱ्या बाजूला नाही, असं गावाच्या शिवेवर होतं ते असं.

मग आपण निवड करायची कशी? या इतिहासातच त्याचं उत्तर आहे. आधी तार ओळखा, नाव आणि सवलत नंतर. तांब्याच्या फोनतारेवर केंद्रापासून घर जितकं लांब, तितका वेग कमी. केबल मुळात टीव्हीसाठी, म्हणजे घराकडे चित्र आणण्यासाठी बनली; घरून बाहेर जाणाऱ्या माहितीला तिच्यात अरुंद पट्टा मिळाला. म्हणून सिनेमा नीट दिसतो, पण आईला आपला चेहरा तुटक दिसतो. त्यातून ही तार गल्लीत वाटून घेतलेली, त्यामुळे संध्याकाळी सगळे घरी आले की गर्दी. फायबरला हा त्रास सर्वांत कमी. आता मोबाइल टॉवरवरून येणारं घरगुती इंटरनेट ही तिसरी वाट काही ठिकाणी आहे. तिथे आपल्या खिडकीत सिग्नल किती, यावर सगळं.

10 एप्रिल 2024 पासून मोठ्या कंपन्यांना खाण्याच्या पाकिटावर असतं तसं लेबल दाखवणं बंधनकारक झालं. त्यात जाण्याचा वेग, म्हणजे अपलोड, जरूर वाचा. सुरुवातीचा सवलतीचा दर किती महिने आणि मग किती, तेही पाहा. मोडेम स्वतःचा असेल तर त्याचं भाडं आकारायला 2019 च्या कायद्यानं मनाई आहे. कार्टर यांचा लढा पन्नास वर्षांनी पुन्हा, एवढंच.

आम्ही काय केलं? आमच्या गल्लीत दुसऱ्या कंपनीनं तोवर फायबर टाकलं होतं. शेजारी वैतागले होते ते तिच्या जुन्या तांब्याच्या तारेला. नाव तेच, तार वेगळी. नवी जोडणी घेतली, पण जुनी लगेच तोडली नाही. दोन रविवार दोन्ही बिलं चालू ठेवली. पहिल्या रविवारी आईनं ऑपरेशनचं सगळं सांगितलं, न तुटता, पाऊण तास. दुसऱ्या रविवारी जुनी बंद केली.

जाता जाता एक. तुमच्या टाउन कौन्सिलच्या बैठकीच्या नोटिशीत फायबरची खोदाई किंवा केबलचा परवाना असा विषय दिसला, तर एखादी संध्याकाळ काढून जा. पडद्यावर दोन नावं दिसणार की तीन, हे बऱ्याचदा अशा रिकाम्या खुर्च्यांसमोर ठरतं.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.