एका ओळीचे उत्तर

दिवाळीच्या चार दिवसांत घरात माणसे जमतात, फराळाची ताटे दोनदा फिरतात, पत्त्यांचा डाव रंगून मोडतो; आणि मग मंडळींतला कोणीतरी प्रश्नोत्तरांचा खेळ काढतो. जगातील सर्वांत उंच शिखर कोणते? ग्रह किती? पहिला भारतीय चित्रपट कोणी काढला? उत्तर एका ओळीचे, बहुधा एका शब्दाचेच. ज्याने आधी सांगितले त्याची शाबासकी, ज्याला आले नाही त्याची थोडी थट्टा. पाचवीतला नातू बाजी मारतो आणि आजोबा कौतुकाने आणि किंचित संकोचाने हसतात. या खेळाला आपण ‘सामान्य ज्ञान’ असे भारदस्त नाव दिले आहे.

हौस आजची नाही. महाभारतात तळ्याकाठच्या यक्षाने युधिष्ठिराला प्रश्नांमागून प्रश्न विचारले, तेव्हा पणाला चार भावांचे प्राण होते. लंडनमध्ये १६९१ साली जॉन डंटन नावाच्या प्रकाशकाने तर निव्वळ वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे पत्रच सुरू केले. आपल्याकडे १९७२ नंतर रेडिओवर ‘बोर्नव्हिटा क्विझ’ ऐकायला मुले रविवारची वाट पाहू लागली. प्रश्न विचारणारा आवाज आधी हमीद सायानींचा आणि पुढे त्यांचे बंधू अमीन सायानी यांचा. २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ आले आणि सामान्य ज्ञान हा घरोघरी रात्रीच्या जेवणाच्या वेळेचा विषय झाला.

इतका लोकप्रिय खेळ. पण त्यातल्या उत्तरांचा इतिहास मात्र कोणी विचारीत नाही. जे उत्तर आपण एका दमात देतो ते मुळात आले कोठून? ते नेहमी हेच होते काय? चार अगदी ओळखीचे प्रश्न घेऊन हे पाहू या.

पहिला प्रश्न मुलांचा आवडता : ग्रह किती? आजीला विचारा, ती म्हणेल, नऊ. वडिलांना विचारा, तेही म्हणतील, नऊ. नातू मात्र ठासून सांगेल, आठ. आणि मौज अशी, की आजीचे नऊ आणि वडिलांचे नऊ हे एक नव्हेत! आजीचे नवग्रह म्हणजे रवी, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू आणि केतू. त्यांत सूर्य आहे, चंद्र आहे, पृथ्वी नाही. वडिलांचे नऊ शाळेतल्या भूगोलाचे : बुधापासून निघून प्लूटोपर्यंत. प्लूटो सापडला १९३० साली, क्लाइड टॉम्बॉ या अमेरिकन तरुणाला. आणि २००६ च्या ऑगस्टमध्ये प्राग येथे भरलेल्या जगातल्या खगोलशास्त्रज्ञांच्या सभेने त्याला ग्रहांच्या पंक्तीतून उठवून ‘बटुग्रहां’च्या पंक्तीत बसवले. प्लूटो होता तेथेच आहे. त्याच्यासारखे आणखी गोल सापडू लागले, तेव्हा ‘ग्रह कोणाला म्हणावे’ हेच नीट ठरवणे भाग पडले. असे पूर्वीही घडले होते. १८०१ साली सापडलेला सीरीस कित्येक वर्षे ग्रह म्हणूनच मोजला जात होता. त्याच्या आसपास भाऊबंद सापडत गेले आणि त्याचाही मान गेला. तेव्हा नातवाने आजीला ‘चूक’ म्हणण्याची घाई करू नये. ‘ग्रह’ हा शब्द एकच, पण आकाशाकडे पाहणाऱ्या तीन पिढ्यांनी त्याला तीन अर्थ दिले आहेत.

दुसरा प्रश्न शिखराचा. एव्हरेस्ट हे उत्तर आपल्याला इतके अंगवळणी पडले आहे, की याही प्रश्नाला कधी दुसरे उत्तर होते हे खरे वाटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत युरोपातील विद्वान दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझो पर्वताला पहिला मान देत. पुढे हिमालयाची मोजणी सुरू झाल्यावर तो मान धवलगिरीला आणि त्यानंतर कांचनगंगेला मिळाला. ज्याला आज आपण एव्हरेस्ट म्हणतो, त्याला मोजणीदारांच्या वहीत नुसता आकडा होता : शिखर क्रमांक पंधरा.

या मोजणीचा आरंभ १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटनने केला. जमिनीवर एक रेघ काटेकोरपणे मोजायची, तिच्या टोकांवरून दूरच्या खुणेचे कोन घ्यायचे, त्रिकोण साधायचा. मग त्या त्रिकोणाच्या बाजूवर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. असे त्रिकोणांचे जाळे विणत ही माणसे अर्ध्या शतकात हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचली. नेपाळात शिरण्यास परवानगी नव्हती. म्हणून १८४९-५० मध्ये जेम्स निकल्सनने बिहारच्या सपाटीवरून, शंभराहून अधिक मैलांच्या अंतरावरून, त्या शिखराचे कोन घेतले. तराईच्या हिवतापाने मोजणीदारांचे, खलाशांचे आणि हमालांचे किती बळी घेतले याला गणती नाही. निकल्सनलाही त्याच दुखण्याने काम सोडावे लागले. एवढ्या अंतरावरून येणारा प्रकाश हवेत वाकतो, त्यामुळे शिखर असते त्याहून उंच दिसते. हा वाकडेपणा हिशेबातून काढून टाकायचा म्हणजे गणिताचे अवघड काम. ते गणित करणाऱ्यांत अग्रभागी होते बंगालचे राधानाथ सिकदार. ‘साहेब, जगातले सर्वांत उंच शिखर मला सापडले’ असे म्हणत ते वरिष्ठांच्या खोलीत धावत गेले, ही गोष्ट रंगतदार आहे. प्रत्यक्षात ते अनेकांचे अनेक वर्षांचे काम होते. पुरती खात्री करून घेऊन अँड्र्यू वॉ यांनी १८५६ साली उंची जाहीर केली : २९,००२ फूट.

नाव देताना मात्र ना सिकदारांची आठवण झाली, ना निकल्सनची. ते शिखर पिढ्यान्‌पिढ्या ‘चोमोलुंग्मा’ म्हणून पूजणाऱ्या तिबेटी माणसांचाही विचार झाला नाही. वॉ यांनी आपले पूर्वीचे वरिष्ठ जॉर्ज एव्हरेस्ट यांचे नाव सुचवले. खुद्द एव्हरेस्टसाहेबांना ते पसंत नव्हते, तरी १८६५ साली तेच कायम झाले. उंचीचा आकडाही स्थिर राहिला नाही. १९५५ साली भारतीय सर्वेक्षण विभागाने तो २९,०२८ फूट, म्हणजे ८,८४८ मीटर केला. २०२० च्या डिसेंबरात नेपाळ आणि चीन यांनी मिळून ८,८४८.८६ मीटर हा आकडा जाहीर केला. आणि बिचारा चिंबोराझो? पृथ्वी विषुववृत्तापाशी किंचित फुगलेली आहे. त्यामुळे पृथ्वीच्या मध्यापासून मोजले, तर सर्वांत दूरचा माथा आजही त्याचाच भरतो. ‘उंच’ म्हणजे कोठून उंच, एवढे एकदा विचारले की जुने उत्तर पुन्हा जिवंत होते!

तिसरा प्रश्न आपल्या घरचा. पहिला भारतीय चित्रपट कोणता? दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’, असे कोणीही सांगेल. ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो लोकांपुढे आला. पण त्याच कॉरोनेशनमध्ये सुमारे एक वर्ष आधी, १८ मे १९१२ रोजी, दुसऱ्या एका मराठी दादासाहेबांचा ‘श्री पुंडलिक’ दाखवला गेला होता. हे दादासाहेब तोरणे. मग मान फाळक्यांना का? तर ‘पुंडलिक’ हे रंगभूमीवरच्या नाटकाचे चित्रण होते, कॅमेरा चालवणारा परदेशी होता आणि फिल्मवरची प्रक्रिया लंडनमध्ये झाली होती. फाळक्यांनी विलायतेला जाऊन विद्या शिकून घेतली आणि पुढचे सारे येथे, दादरला, स्वतःच्या घरात उभे केले. म्हणून ‘पहिला’ या शब्दाचा अर्थ ‘पहिला दाखवला गेलेला’ असा घेतला तर एक उत्तर येते. ‘येथल्या माणसांनी येथेच सर्वस्वी घडवलेला’ असा घेतला तर दुसरे.

या एका ओळीच्या उत्तराआड आणखीही माणसे झाकलेली आहेत. तारामतीचे काम करायला बाई मिळेना, तेव्हा एका खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी ते केले. रोहिदास झाला तो फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. आणि सरस्वतीबाई फाळके! दिवसभर साऱ्या कलावंत-कामगारांचा स्वयंपाक करून रात्री त्या अंधाऱ्या खोलीत बसत, फिल्मला भोके पाडत, ती धुण्या-वाळवण्याच्या कामाला हातभार लावत. ‘पहिला चित्रपट कोणी काढला?’ या प्रश्नाच्या उत्तरात त्यांचे नाव एकदा तरी यायला हवे, असे कोणत्या गृहिणीला वाटणार नाही?

चौथा प्रश्न महाराष्ट्राच्या काळजाचा : शिवाजी महाराजांचा जन्म केव्हा झाला? आज शाळेतला मुलगा सांगतो, १९ फेब्रुवारी १६३०. पण त्याच्या पणजोबांनी परीक्षेत वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७, असे लिहिले असेल आणि त्यांना पुरते गुण मिळाले असतील. त्या वेळी आधार होता तो बखरींचा, आणि पुष्कळशा बखरी महाराजांच्या निधनानंतर फार उशिरा लिहिल्या गेल्या. पुढे कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातून एक शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली. घटना आणि तिथी यांची ही कोरडी टिपणे. शब्दांचा फुलोरा नाही. तीत जन्मतिथी होती फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. टिळकांनी १९१६ साली ती अभ्यासकांपुढे ठेवली आणि वादाला तोंड फुटले. १९२७ साली जुन्या तिथीला अनुसरून महाराजांच्या जन्माचा त्रिशतसांवत्सरिक उत्सव झाला. आणि योगायोग पाहा, त्याच वर्षी महाराजांच्या पदरच्या कवींद्र परमानंदांचे ‘शिवभारत’ सदाशिव महादेव दिवेकर यांनी छापून प्रसिद्ध केले, त्यातही फाल्गुन वद्य तृतीयाच निघाली! परस्परांशी संबंध नसलेले दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले. तरीही वाद मिटायला काळ जावा लागला. १९६६ साली महाराष्ट्र शासनाने विद्वानांची समिती नेमली, तिचे एकमत झाले नाही. अखेर २००१ साली शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली.

तीन वर्षांच्या फरकाने असे काय होते, असे कोणी म्हणेल. पण जुन्या तारखेने ज्या राजाला राज्याभिषेकाच्या वेळी सत्तेचाळीस वर्षांचा मानावे लागे, तो नव्या तारखेने चव्वेचाळीस वर्षांचा ठरतो. तोरण्याच्या वेळचा मुलगा आणखी कोवळा होतो. पन्नाशी गाठून अवघ्या दीड महिन्यात तो गेला, ही जाणीव मनाला चटका लावते. उत्तरातला एक आकडा बदलला, की डोळ्यांसमोरचा माणूस बदलतो. आणि हा बदल घडवला तो एका घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेल्या कागदांनी. ते कागद वाळवीच्या तोंडी गेले असते, तर आपले उत्तर कदाचित आजही जुनेच राहिले असते.

हे सारे बाजूला ठेवून नुसते उत्तर तेवढे उचलले तर काय होते, याचा धडा अमेरिकेने एकदा साऱ्या जगाला दिला. १९५६ साली तेथे टेलिव्हिजनवर ‘ट्वेंटी-वन’ नावाचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम गाजत होता. काचेच्या बंद खोलीत उभे राहून स्पर्धक उत्तरे देत आणि लाखो माणसे श्वास रोखून पाहत. चार्ल्स व्हॅन डोरेन हा कोलंबिया विद्यापीठातला तरुण, देखणा अध्यापक जिंकत गेला आणि देशाचा लाडका झाला. त्याच्या आधीचा विजेता हर्बर्ट स्टेम्पेल याला ठरवून हरवण्यात आले होते. आदल्या वर्षीच्या सर्वोत्तम चित्रपटाचे ऑस्कर कोणाला मिळाले, असा प्रश्न त्याला आला. उत्तर होते ‘मार्टी’. तो चित्रपट त्याच्या विशेष आवडीचा. तरी कार्यक्रमवाल्यांच्या हुकुमाप्रमाणे त्याने मुद्दाम दुसरे नाव सांगितले. कपाळावरचा घाम केव्हा पुसायचा, ओठ केव्हा चावायचा, हेसुद्धा आधी शिकवलेले! १९५९ च्या नोव्हेंबरात व्हॅन डोरेनने संसदेच्या समितीपुढे सारे कबूल केले आणि विद्यापीठातली नोकरी गमावली. त्याची उत्तरे बरोबरच होती. लोकांना दुःख झाले ते दुसऱ्याच गोष्टीचे : काचेआड माणूस आठवतो आहे, धडपडतो आहे, असे जे त्यांनी मानले होते, ते खोटे निघाले.

आता तर कोणतेही उत्तर खिशातल्या मोबाईलमध्ये आहे. आठवणीची शर्यत यंत्राने केव्हाच जिंकली. तिच्यात धापा टाकण्यात अर्थ उरलेला नाही. म्हणून यंदाच्या दिवाळीत या खेळाला एक लहानसा नियम जोडून पाहावा. एक गुण उत्तराला, आणि दोन गुण ‘हे कशावरून?’ याला. मोजले कोणी, कोठून मोजले, कागद कोणाकडे होता, पूर्वी काय उत्तर देत असत आणि ते का बदलले? असे विचारू लागलो, की आजोबांना बोलायला जागा मिळते, आजीचे नवग्रह पुन्हा आकाशात येतात, आणि हमखास जिंकणारा नातू थोडा थांबून ऐकू लागतो. खेळ हळू चालेल हे खरे. पण दिवाळीत घाई कोणाला आहे? चकल्यांचा डबा अजून अर्धा भरलेला आहे.