पंचेचाळीस इंच

साल १९५८. कापूसवेचणीचे दिवस. महाराष्ट्र व्हायला अजून दीड वर्ष आहे. नागपूरहून आलेल्या मोटारीतून तिवसा ओलांडून तुम्ही मोझरीला उतरता. खांद्याला बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर, पट्टा रुततोय. तुमचा फोन तुमच्याच काळात राहिला. त्यात तासन्‌तास भरून घ्यायचं आणि ऐकायचं मागाहून, ही आपली सवय. इथं पाच इंची रीळ आहे, सहाशे फूट टेप. सेकंदाला साडेसात इंच सरकते, म्हणजे जेमतेम सोळा मिनिटं. बटण दाबायच्या आधीच कान लावावा लागतो.

रस्त्याकडेच्या वावरात एक बाई ओटीत कापूस भरतेय.

‘‘मावशी, यंदा कापूस कसा?’’

‘‘चालू झालं काय हे? मंग बोलतो मी. कापूस बरा हाय बापा. भाव...’’

ती थांबते. बोंडाची सुकी कवचं वाजतात, दूर कुठं बंडीचं चाक करकरतं. प्रश्न पुढे ढकलायला तुमची जीभ वळवळते. गिळा तो प्रश्न.

‘‘तो व्यापाऱ्याले माहीत.’’

सरकारची एकाधिकार खरेदी यायला १९७२ उजाडायचंय. हे तुम्हाला ठाऊक आहे, पण तिला सांगून उपयोग काय?

संध्याकाळी गुरुकुंजात सामुदायिक प्रार्थना. आश्रम १९३५ सालचा. तुकडोजी महाराजांची ग्रामगीता येऊन तीनच वर्षं झालीत. प्रार्थनेनंतर महाराज खंजिरी हाती घेतात आणि तुमची तारांबळ उडते. माईक तोंडासमोर धरला तर थापेसरशी काटा तांबड्यात जातो, चकत्यांची किणकिण फाटते. लांब नेला तर शब्द पातळ होतात. शेवटी तो खंजिरीपासून बाजूला, जरा खाली धरून बसता. हात भरून येतो. भजन संपल्यावर सगळे उठायच्या आत अर्धं मिनिट नुसती तिथली हवा भरून घेता. जोडकाम करताना दोन आवाजांच्या मध्ये हीच लागते. नवशिक्यांना ती टेपची नासाडी वाटते.

दुसऱ्या दिवशी आकाशवाणीचं नागपूर केंद्र, १९४८ साली सुरू झालेलं. कापणी ब्लेडनं, तिरकी, सांधा चिकटपट्टीनं. कार्यक्रम सहा सेकंदांनी लांबलाय. मावशीचं थांबणंही नेमकं सहा सेकंदांचं, म्हणजे पंचेचाळीस इंच. ड्यूटीवरचे साहेब म्हणतात, ‘‘ती रिकामी जागा काढा की. श्रोत्यांना वाटेल रेडिओ बंद पडला.’’

त्यांचंही खरं आहे. गावात चावडीवर एकच संच. आवाज गेला की कुणीतरी उठून कान पिळणारच.

तुम्ही रीळ उलटं फिरवता. सुरुवातीला तुमचं स्वतःचं निवेदन आहे: विदर्भाची काळी माती, पांढरं सोनं वगैरे. त्यावर खडूनं खूण करता आणि ब्लेड उचलता.