आट्यांचा वेग

गिरणगावावर लिहिणारे मागाबद्दल लिहितात, संपाबद्दल लिहितात, चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीबद्दल लिहितात. गिरणीच्या आवारातल्या वर्कशॉपबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. मी लोअर परळच्या एका गिरणीत त्या खात्यात टर्नर होतो, म्हणून हे लिहायला बसलो. आमच्याकडे कापूस उडत नव्हता, लोखंडाचा बर (कापताना निघणारा चुरा) उडायचा. दोन-तीन लेथ, एक शेपर, ड्रिल, भट्टी आणि फिटरची बाकं. साच्याचा, म्हणजे गिरणीतल्या यंत्राचा, एखादा स्क्रू मोडला तर विलायतेहून दुसरा येईपर्यंत थांबणं कुठल्याच मालकाला परवडणारं नव्हतं, म्हणून हे खातं.

विलायतेहून म्हणतो ते उगाच नाही. कावसजी दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ साली सुरू झाली, तेव्हापासून मुंबईच्या गिरण्यांत यंत्रं आली ती बहुतेक लँकेशायरची. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची, बोल्टनच्या डॉब्सन अँड बार्लोची, अॅक्रिंग्टनच्या हॉवर्ड अँड बुलोची. त्यांच्यासोबत त्यांचे आटेही आले. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली इंग्लंडात आट्यांचं पहिलं प्रमाण मांडलं: ५५ अंशांचा कोन, माथा आणि तळ गोल. अर्ध्या इंचाच्या बोल्टला इंचात १२ आटे, पाऊण इंचाला १०, एक इंचाला ८. आम्ही चार सुती, सहा सुती म्हणायचो आणि आट्यांची संख्या तोंडपाठ असायची.

आमचा जुना लेथ छताखालच्या शाफ्टवरून पट्ट्याने फिरायचा. चार पायऱ्यांची कोन पुली आणि बॅक गिअर, मिळून आठ वेग. त्या आठांतून एक निवडायचा. एक इंची एमएस (माइल्ड स्टील) शाफ्टवर एचएसएसच्या (हाय स्पीड स्टील) टूलने साधं टर्निंग करायचं तर मिनिटाला पंचवीसएक मीटरचा कटिंग स्पीड चालतो, म्हणजे तीनशेच्या आसपास फेरे. त्याच शाफ्टवर आटे पाडायचे तर आम्ही आठ मीटरवर यायचो. शंभर फेरे.

याचं कारण फीडमध्ये आहे. टर्निंगला दर फेऱ्याला पाव मिलिमीटर फीड द्यावं की कमी द्यावं, हे टर्नर ठरवतो. आटे पाडताना ते त्याच्या हातात उरत नाही. इंचात ८ आटे म्हणजे दर फेऱ्याला टूल ३.१७५ मिमी सरकणारच, लीड स्क्रू त्याला ओढतच नेणार. शंभर फेऱ्यांना ते सेकंदाला पाच मिमीहून जास्त धावतं. समोर शाफ्टचा खांदा असतो, आणि तिथे पोचायच्या आत लीड स्क्रूला धरून असलेला हाफ नट उघडायचा असतो. तीनशे फेऱ्यांवर तेच टूल सेकंदाला सोळा मिमी जाईल. तेवढ्या वेगात हात पोचत नाही. शिवाय टूलचं टोक निमुळतं, उष्णता पसरायला जागा नाही. मग टर्नरकडे उरतं काय? वेग, आणि दर पासला किती खोल जायचं ते. इंचात ८ आट्यांची खोली ८० थाऊ, म्हणजे इंचाचे ८० हजारांश. पहिल्या पासला १० थाऊ घ्यायचे, मग कमी करत करत शेवटी दोन, आणि माथा गोल करायला चेझर. कंपाउंड स्लाइड साधारण २७ अंशांवर तिरकी ठेवली की एकच बाजू कापते आणि आटा फाटत नाही. ही कारागिरी आहे, आणि तिला कारागिरी म्हणूनच मान मिळायला हवा होता.

तिकडे अमेरिकेत फ्रेडरिक टेलर नावाचा इंजिनिअर याच प्रश्नामागे २६ वर्षं लागला होता: वेग किती, फीड किती, खोली किती. प्रयोगांत आठ लाख पौंडांहून जास्त लोखंड-पोलादाचा बर झाला. १९०६ साली त्याने निष्कर्ष मांडले. निर्णय बारा गोष्टींवर अवलंबून असतो, हे त्यात होतं. वेग वाढला की धारेचं आयुष्य किती झपाट्याने घटतं, हेही होतं. एचएसएसच्या टूलला वेग दहा टक्के वाढवा, धार टिकण्याचा काळ निम्म्यावर येतो. हे एचएसएसही टेलर आणि व्हाइट या जोडीच्या कामातूनच आलं. टेलरचा आणखी एक हेतू होता. वेग ठरवण्याचं काम कारागिराच्या हातून काढून ऑफिसच्या टेबलावर न्यायचं. आमच्या गिरणीत ते कधी झालं नाही. आमच्या मिस्त्रींनी टेलर वाचला नव्हता. बराचा रंग आणि टूलचा आवाज यांवरून ते पट्टा खालच्या पायरीवर घ्यायला सांगायचे, आणि ते बरोबर असायचे.

१९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापं आली. नवी यंत्रं मिलिमीटरची, जुने साचे इंचाचे, आणि दोन्ही एकाच छपराखाली. इंचात ४ आट्यांचा लीड स्क्रू असलेल्या लेथवर ८ किंवा १२ आटे पाडताना हाफ नट कुठेही मिटवा, टूल नेमकं त्याच खाचेत उतरतं. त्याच लेथवर अडीच मिमी पिचचा आटा पाडायला ५० आणि १२७ दातांची जोडी लावावी लागते. मग हाफ नट उघडायचा नाही, मशीन उलटं फिरवून टूल मागे आणायचं. १२७ दातांचं गिअर ज्या खात्यात असे तिथे ते जपून ठेवत.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यापुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. वर्कशॉपचे लेथ भंगाराच्या भावाने गेले हे मात्र कमी लोकांना माहीत आहे. आमच्यातले काही ठाण्याला गेले, काही वसईला. मी लोअर परळमध्येच राहिलो. सन मिलच्या आवारात टोडी इस्टेट, धनराज मिलच्या आवारात शहा अँड नहार, अशा इस्टेटींमधून छोटे गाळे होते, आणि अशाच एका गाळ्यात मला लेथ मिळाला. पुढे तिथे व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) आलं, आणि थ्रेड मिलिंग मी तिथे पाहिलं.

फीडवरची इतक्या वर्षांची बेडी त्या मशीनने तोडली. कटर आटे पाडायच्या भोकात गोल फिरतो आणि एका फेरीत एक पिच वर चढतो. पिच त्या चढण्यातून येते, म्हणून फीड मोकळं होतं. ईएन-८ पोलादात एम-२० चा, अडीच पिचचा आटा घ्या. १४ मिमीचा, तीन दातांचा कार्बाइड कटर, वेग मिनिटाला १०० मीटर, म्हणजे २,२७४ फेरे. दर दाताला ०.०५ मिमी धरलं तर कडेचं फीड मिनिटाला ३४१ मिमी. पण मशीन कटरच्या मध्याचा वेग मोजतं, आणि मध्य लहान वर्तुळात फिरतो. म्हणून २० मधून १४ वजा करून २० ने भागायचं आणि त्याने ३४१ ला गुणायचं. प्रोग्रॅममध्ये लिहायचं १०२. हे राहिलं तर प्रत्येक दातावर तिपटीहून जास्त बोजा येतो. पूर्ण खोली एकदम न घेता पहिल्या फेरीत साठ-पासष्ट टक्के घ्यावी. ईएन-२४ कडक केलेलं असेल तर वेग साठ मीटरवर आणावा. महागड्या जॉबमध्ये टॅप मोडला की जॉब गेला. हा कटर मोडला तर तुकडे बाहेर काढता येतात.

गाळ्यातली पोरं विचारतात, "काका, स्पीड किती ठेवू?" कॅटलॉगमध्ये आकडा असतो, तरी विचारतात. मी सांगतो, कॅटलॉगच्या खालच्या आकड्यापासून सुरू कर, पहिल्या आट्याला गेज लाव, आवाज ऐक, मग वाढव. जॉबची पकड आणि मशीनची झीज कॅटलॉगला दिसत नाही. ती मशीनसमोर उभ्या माणसालाच कळते.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालयाची महापालिकेची योजना आहे. तिथे माग असतील, सूतकताईचे साचेही असतील. माझी मागणी आहे की तिथे वर्कशॉपचा एक लेथ ठेवावा, चेंज गिअरच्या पूर्ण संचासकट, १२७ दातांच्या गिअरसकट. आणि ज्यांच्या घरी वडिलांची, आजोबांची गिअरच्या आकड्यांची वही असेल, सेंटर गेज असेल, व्हिटवर्थचे टॅप असतील, त्यांनी ते भंगारवाल्याला देऊ नयेत.