लहान खोक्याची किंमत

घरासाठी हाय-फाय घ्यायला निघालेल्या माणसाचे दोन प्रश्न ठरलेले असतात. "अ‍ॅम्प्लिफायर किती वॉटचा घेऊ?" आणि "सबवूफर लागेलच का?" दुकानदार दोन्हींची उत्तरं देतो, पण खिशाकडे बघून. खरी उत्तरं दडलीयत १९५४ सालात. म्हणून आज थोडा इतिहास, बरं का!

त्या काळी खर्ज नीट ऐकायचा तर खोकं कपाटाएवढंच हवं, असं सगळे धरून चालत. स्पीकरचा कोन पुढची हवा ढकलतो तेव्हा मागची खेचतो. या दोन लाटा एकमेकींना मारू नयेत म्हणून मागे खोकं लागतं. पण खोक्यात कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दांडा ढकलून बघा. खोकं जितकं लहान, तितकी स्प्रिंग कडक आणि तितका खर्ज कमी. पॉल क्लिप्शने १९४६ साली काढलेला भोंगा तर खोलीचा अख्खा कोपराच अडवायचा. कोपऱ्याच्या भिंती हाच भोंग्याचा शेवटचा भाग! असा भोंगा दोन-चार वॉटमध्ये घर दणाणून सोडतो. साहजिकच १९४७ साली इंग्लंडमध्ये गाजलेला विल्यमसनचा अ‍ॅम्प्लिफायर १५ वॉटचा होता, आणि तेवढे रग्गड होते.

न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवणाऱ्या एडगर विल्चरने हे सगळं उलटं केलं. कोन ज्या घडीवर आणि जाळीवर तोललेला असतो ती त्याने अगदी सैल ठेवली, आणि स्प्रिंगचं काम बंद खोक्यातल्या हवेवर सोपवलं. म्हणजे आजवरचा शत्रूच नोकरीला ठेवला म्हणा ना! शिवाय कापड आणि रबर ताणलं की लहरीपणा करतं, हवा मात्र तेवढ्या हालचालीत जवळजवळ सरळ हिशेबाने वागते. त्यामुळे खर्ज नुसता खोल नाही, स्वच्छही झाला.

प्रस्थापित कंपन्यांनी कल्पना नाकारली. मग विल्चर आणि त्याचा विद्यार्थी हेन्री क्लॉस यांनी बॉस्टनला लागून असलेल्या केंब्रिज गावात १९५४ साली 'अकूस्टिक रिसर्च' काढली. त्यांचा एआर-१ दोन घनफुटांपेक्षाही लहान होता, आणि कपाटाएवढ्या स्पीकरांना खर्जात लाजवत होता.

पण फुकट काहीच नसतं. कोन जड आणि खोकं लहान म्हटल्यावर स्पीकर आळशी होतो. एका वॉटला एका मीटरवर मोठा भोंगा शंभरेक डेसिबेल देतो, लहान बंद खोकं ८५ च्या आसपास. पंधरा डेसिबेल म्हणजे तीसपटीहून जास्त वॉट! क्लॉसने १९५७ मध्ये वेगळं होऊन केएलएच काढली. त्यातला त्याचा भागीदार हॉफमन याच्या नावाने एक नियम आजही सांगतात: लहान खोकं, खोल खर्ज, कमी वॉटमध्ये मोठा आवाज, यातल्या कुठल्याही दोनच गोष्टी मागा. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थीलने १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉलने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हे सगळं गणितात बसवलं.

आता वॉटची शर्यत समजते. १९५९ चा डायनाको स्टिरिओ ७० दर चॅनलला ३५ वॉट देई. सत्तरच्या दशकात ट्रान्झिस्टर वापरणारा फेज लिनिअर ७०० साडेतीनशे देऊ लागला. विल्चरचं पेटंट मात्र कोर्टात टिकलं नाही. त्याने अपील केलं नाही, आणि बंद खोकं सगळ्यांचं झालं. पुढे श्रवणयंत्रांवर केलेलं काम तर त्याने पेटंट न घेताच सगळ्यांसाठी खुलं ठेवलं.

सबवूफर हा त्याच सौद्याचा पुढचा हप्ता. १९७४ मध्ये 'अर्थक्वेक' चित्रपटासाठी थिएटरांत प्रचंड खोकी ठेवून प्रेक्षकांच्या खुर्च्या हलवल्या गेल्या. घरात तेवढी जागा कुठली? म्हणून नव्वदच्या दशकात सनफायरने ११ इंची चौकोनी खोक्यात २७०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर कोंबला. विसर्जन मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती हे याचं दुसरं टोक: तिथे जागेचा प्रश्न नाही, म्हणून खोकी अवाढव्य.

तेव्हा आधी वॉट विचारू नका. आधी खोलीत किती मोठं खोकं मावतं ते बघा. मग स्पीकरची संवेदनशीलता विचारा: ८८ डेसिबेलच्या स्पीकरला ५० वॉटमध्ये जे जमतं, त्याला ८५ वाल्याला १०० लागतात. वॉट दुप्पट करून फक्त तीन डेसिबेल मिळतात, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतकाच फरक. सबवूफर घेतलात तर खालचे सूर, साधारण ८० हर्ट्झखालचे, मुख्य स्पीकरकडे जाणार नाहीत अशी सोय आहे ना, ते तपासा. तरच मुख्य अ‍ॅम्प्लिफायरचा भार हलका होतो आणि बेताच्या वॉटचाही पुरतो. लहान खोलीत मी बंद खोक्याचा सबवूफर निवडेन. त्याचा खर्ज खाली हळूहळू उतरतो, आणि उरलेली भर खोलीच्या भिंतीच घालतात.