मोटारसायकलीच्या दंतचक्र पेटीचे तेल
एंजिनाची शक्ती मागील चाकाकडे पाठविताना वेग व ओढ यांचे प्रमाण बदलणारी दंतचक्रे, म्हणजेच गिअर, ज्या पेटीत बसविलेली असतात, त्या पेटीत भरावयाचे वंगण. दातांच्या पृष्ठांमध्ये तेलाचा पातळ थर राखणे, घर्षणाने निर्माण होणारी उष्णता वाहून नेणे आणि धातूचे बारीक कण तळाशी नेणे ही त्याची मुख्य कामे होत. मोटारगाडीच्या हाताने बदलावयाच्या दंतचक्र पेटीत क्लच बहुधा तेलापासून अलग व कोरडा असतो; बहुतेक मोटारसायकलींत मात्र क्लचच्या तबकड्या त्याच तेलात बुडालेल्या असतात. दातांना घसरणे हवे असते, तर क्लचला पकड हवी असते. या दोन परस्परविरोधी गरजा एकाच तेलाने भागवाव्या लागतात. म्हणून या तेलाचा इतिहास हा मुख्यतः दंतचक्रे आपले तेल कोणाबरोबर वाटून घेत गेली याचा इतिहास आहे. चिखल, वाळू व चढउतार यांवरून धावणाऱ्या मोटोक्रॉस आणि तत्सम मोटारसायकलींत (डर्ट बाइक) हा प्रश्न विशेष तीव्रतेने पुढे आला.

पूर्वकाल : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहुतेक ब्रिटिश मोटारसायकलींची दंतचक्र पेटी हा एंजिनापासून वेगळा भाग असे. बर्मन, अल्बियन, स्टर्मी-आर्चर यांसारखे कारखाने अशा पेट्या बनवून निरनिराळ्या मोटारसायकल उत्पादकांना पुरवीत. एंजिन, क्लचची साखळीपेटी व दंतचक्र पेटी या तिन्हींचे वंगण वेगवेगळे असल्याने प्रत्येकासाठी योग्य तो पदार्थ निवडणे सोपे होते. पेट्यांची जोडणी फारशी घट्ट नसल्याने गळती थोपविण्यासाठी दंतचक्र पेटीत जाड तेल किंवा मऊ ग्रीजही भरीत. १९५५ पासून मद्रास येथे जुळणी होऊ लागलेल्या रॉयल एन्फील्ड बुलेट या मोटारसायकलीत ही जुनी रचना दीर्घकाळ टिकून होती. तिच्या चार गतींच्या पेटीत ग्रीज व तेल यांचे मिश्रण घालण्याचा प्रघात भारतातील कारागिरांच्या चांगल्या परिचयाचा होता.

द्विधाव एंजिनांचा काळ : खडतर भूमीवरील मोटारसायकल शर्यतींचा आरंभ इंग्लंडमध्ये १९२४ साली कॅम्बर्ली येथे झालेल्या ‘स्क्रँबल’ शर्यतीपासून मानला जातो. या खेळाची यूरोपीय अजिंक्यपद स्पर्धा १९५२ मध्ये व जागतिक स्पर्धा १९५७ मध्ये सुरू झाली. प्रथम जड चतुर्धाव मोटारसायकलींचे वर्चस्व होते. १९६४ व १९६५ मध्ये जेफ स्मिथ यांनी बीएसए मोटारसायकलीवर ५०० घ. सेंमी. वर्गाचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. १९६६ मध्ये मात्र पाउल फ्रीडरिख्स यांनी चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड या द्विधाव मोटारसायकलीवर ते जिंकले आणि पुढे सु. तीन दशके हलक्या द्विधाव एंजिनांचा काळ राहिला.

दट्ट्याच्या दोन धावांत आवर्तन पूर्ण करणाऱ्या या एंजिनात दट्ट्या व भुजादंड यांना इंधनात मिसळलेले तेल वंगण पुरविते आणि ते इंधनाबरोबर जळून जाते. दंतचक्रे व क्लच मात्र शेजारच्या कप्प्यात एकत्र असून त्यांना स्वतंत्र तेल लागते. त्याचे प्रमाण सामान्यतः १ लि. पेक्षा कमी असते. या तेलात ज्वलनाची काजळी येत नाही. परंतु क्लचच्या अस्तराची धूळ व दातांवरून सुटलेले धातुकण येतात. शर्यतीत चालक क्लच वारंवार अर्धवट दाबतो, त्यामुळे एवढेसे तेल झपाट्याने तापते. म्हैसूर येथे १९६१ पासून तयार होऊ लागलेल्या जावा व नंतरच्या येझ्दी या मोटारसायकली याच चेक परंपरेतील होत्या. येझ्दीचा उपयोग भारतातील मोटोक्रॉस शर्यतींतही होत असे.

श्यानतेचे अंक : तेलाचा दाटपणा, म्हणजे श्यानता, दर्शविण्यासाठी एसएई या अमेरिकन अभियंता संस्थेने १९११ मध्ये एंजिन तेलांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. दंतचक्र तेलांसाठी पुढे वेगळी श्रेणी ठरविण्यात आली. दोन्हींचे अंक निराळे ठेवण्याचा हेतू गोंधळ टाळणे हा होता. पण प्रत्यक्षात त्यामुळेच पुष्कळ गैरसमज झाले. १०० से. तापमानास ४० अंकाच्या एंजिन तेलाची श्यानता १२·५ ते १६·३ सेंटिस्टोक आणि ५० अंकाच्या तेलाची १६·३ ते २१·९ सेंटिस्टोक असते. दंतचक्र तेलाचा ९० हा अंक १३·५ सेंटिस्टोकपासून सुरू होतो. म्हणजे ९० अंकाचे दंतचक्र तेल ४० अंकाच्या एंजिन तेलाच्या दुपटीहून अधिक दाट नसून जवळजवळ तेवढेच दाट असते. यामुळेच अनेक मोटोक्रॉस मोटारसायकलींच्या उत्पादकांनी दंतचक्र पेटीसाठी १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४० एंजिन तेल सुचविले, तर काहींनी मोटारसायकलीसाठी खास बनविलेले ७५डब्ल्यू किंवा ८०डब्ल्यू दंतचक्र तेल. अंकांत मोठा फरक दिसला, तरी पदार्थांत तेवढा नसतो.

तेलातील समावेशके : मोटारगाड्यांच्या मागील आसावर १९२० नंतरच्या दशकात हायपॉइड दंतचक्रे आली. त्यांचे दात एकमेकांवर मोठ्या दाबाखाली घसरत असल्याने साधा तेलथर तुटे. त्यासाठी गंधक, फॉस्फरस इ. मूलद्रव्यांची संयुगे तेलात मिसळण्यात येऊ लागली. ही संयुगे उष्णता व दाब यांमुळे धातूच्या पृष्ठावर संरक्षक थर तयार करतात. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या जीएल-५ या वर्गाच्या तेलात त्यांचे प्रमाण जीएल-४ पेक्षा बरेच जास्त असते. ‘अधिक बलवान ते अधिक चांगले’ हा तर्क मात्र येथे लागू पडत नाही. मोटारसायकलीची दंतचक्रे बहुधा सरळ दातांची व सतत जुळलेली असतात, त्यामुळे त्यांच्यातील घसरण हायपॉइडपेक्षा पुष्कळ कमी असते. उलट, काही संयुगे तांब्याच्या मिश्रधातूंच्या आतील नळ्यांना अपायकारक ठरू शकतात, तर काहींमुळे क्लचची पकड सैल होते.

याच स्वरूपाची अडचण एंजिन तेलांतही उद्‌भवली. १९७० नंतरच्या इंधन टंचाईमुळे मोटारगाड्यांच्या तेलांत घर्षण कमी करणारी समावेशके वापरण्याकडे कल वाढला. त्यामुळे मोटारगाडीत इंधन वाचे. पण तेच तेल मोटारसायकलीत घातल्यास क्लच घसरण्याचा धोका असे. जपानी मोटारगाडी मानक संघटनेने (जॅसो) १९९८ मध्ये चतुर्धाव मोटारसायकलींच्या तेलांसाठी स्वतंत्र मानक काढले. त्यात क्लचच्या तबकड्यांवर प्रत्यक्ष चाचणी घेऊन पुरेसे घर्षण देणाऱ्या तेलांना ‘एमए’ व कमी घर्षण देणाऱ्यांना ‘एमबी’ ही खूण देण्यात आली. २००६ मध्ये ‘एमए’ची एमए१ व एमए२ अशी विभागणी झाली. तेल किती घसरते याऐवजी किती पकडू देते हे मोजणारी ही कसोटी वंगणांच्या इतिहासात लक्षणीय होय.

चतुर्धाव एंजिनांचे पुनरागमन : १९९८ मध्ये यामाहाच्या वायझेड४००एफ या मोटारसायकलीने मोटोक्रॉसमध्ये चतुर्धाव एंजिन पुन्हा प्रतिष्ठित केले. तिच्यात एंजिन, क्लच व दंतचक्रे यांना एकच तेल पुरविले जाई. ज्वलनाची काजळी, क्लचची धूळ आणि दातांच्या कात्रीसारख्या क्रियेने तुटणारे श्यानतावर्धक बहुवारिकांचे रेणू हे सर्व त्या तेलाला सोसावे लागे. २००२ च्या होंडा सीआरएफ४५०आर मध्ये यावर उपाय म्हणून एंजिनाचे तेल व दंतचक्र-क्लच यांचे तेल पुन्हा अलग कप्प्यांत ठेवण्यात आले. जुन्या ब्रिटिश रचनेतील विभागणीचे तत्त्व अशा रीतीने नव्या रूपात परतले.

निवड व निगा : या सर्वांवरून निवडीची दिशा स्पष्ट होते. प्रथम त्या तेलात क्लच बुडालेला आहे काय आणि एंजिनही तेच तेल वापरते काय हे पाहावे. नंतर उत्पादकाने सांगितलेली श्यानता व क्लचला चालणारी खूण पाहावी. किंमत व ‘शक्ती’ यांचा विचार शेवटी करावा. तेल फार दाट असल्यास थंड असताना क्लच पूर्ण सुटत नाही व गती बदलणे जड जाते. फार पातळ असल्यास दातांवरील थर टिकत नाही. द्विधाव एंजिनात नळकांड्यातून पांढरा धूर येऊ लागून पेटीतील तेलाची पातळी उतरू लागल्यास भुजादंडाकडील तेलरोधक निकामी झाल्याचा संशय घ्यावा, कारण अशा वेळी एंजिन दंतचक्रांचे तेल शोषून घेते. शर्यतीच्या वापरात तेल काही तासांच्या चालनानंतरच बदलावे लागते. काढलेल्या तेलातील बारीक करडी भुकटी स्वाभाविक असते; मोठे चकाकणारे तुकडे आढळल्यास मात्र ते दात किंवा धारवे फुटू लागल्याचे लक्षण समजून पेटी उघडून तपासणे आवश्यक ठरते.