मनगटावरचा पहारा

दिवाळीची झाडलोट सुरू झाली, की इथे बेसा गावात बसूनही मला १८९७ सालचे पुणे आठवते. त्या वर्षी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि प्लेगचे रोगी हुडकण्यासाठी रँडसाहेबांचे सोजीर घराघरांत शिरले. जणू प्लेग हा एकेका गृहस्थाचाच अपराध! पुढच्याच वर्षी कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने दाखवून दिले, की रोग पसरवितात त्या उंदरांवरच्या पिसवा.

ही जुनी कथा म्हणावी, तर आमच्या शेजारच्या नागपूर शहरात २०२० च्या सुमारास महापालिकेच्या सफाई कामगारांच्या मनगटांवर जीपीएसची घड्याळे आली. कोण कोठे आहे, हे ती कचेरीला कळवीत. झाडूवाली रस्ता झाडील. पण साऱ्या शहराचा कचरा वाहून नेणे, त्याची विल्हेवाट लावणे तिच्या हाती थोडेच आहे? शहर अस्वच्छ, पहारा मात्र तिच्यावर! सोजीर निदान दिसत तरी असे.

२०१७ सालीच सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला होता. वाचकहो, यंदा झाडूवालीला दिवाळीची पोस्त द्याल, तेव्हा तिच्या मनगटावर तिला न विचारता कोणी काही बांधले आहे काय, एवढे अवश्य विचारा.