डागडुजीची कुळकथा

परभणीत सापडलेला शके ८८८चा (इ.स. ९६६) ताम्रपट अभ्यासकांना ठाऊक आहे तो सोमदेवसूरींमुळे. ‘यशस्तिलक’ लिहिणाऱ्या या जैन आचार्यांना वेमुलवाडच्या तिसऱ्या अरिकेसरीने गाव दिले. मला खिळवून ठेवते ते दानाचे कारण. अरिकेसरीच्या वडिलांनी बांधलेल्या शुभधाम जिनालयाच्या पूजा-नैवेद्याबरोबर ‘खण्डस्फुटित’ आणि ‘नवसुधाकर्म’ यांसाठी हे उत्पन्न लावून दिले आहे. फुटल्या-तुटल्याची डागडुजी आणि नवा चुना!

देवालय उभे असतानाच त्याच्या मोडतोडीची सोय करायची, ही रीत आली कुठून? एक मत असे की हा राजदरबारी लेखनिकांचा ठरीव मजकूर. त्याला आधारही आहे: इ.स. ५४३च्या बंगालमधील दामोदरपूर ताम्रपटात श्वेतवराहस्वामींच्या देवळासाठी हेच कलम येते. वलभीच्या मैत्रकांनी बौद्ध विहारांना दिलेल्या दानपत्रांतही ते आहे.

पण या साऱ्यांच्या आधी पाली विनयपिटक आहे. चुल्लवग्गात पहिल्या संगीतीसाठी राजगृहात जमलेले थेर ठरवतात की वर्षावासाचा पहिला महिना ‘खंडफुल्ल’ सावरायचे आणि मग धम्माचे पठण करायचे. शब्दांची तीच जोडी, पुढे तेच ‘पटिसंखरण’, म्हणजे संस्कृतातले प्रतिसंस्करण. लेखनिकांनी कलम घडवले नाही, भिक्खूंकडून उचलले, असे माझे ठाम मत आहे. वर्षावासाचे तीन महिने एकाच छपराखाली काढणाऱ्यालाच गळती आधी दिसते. बौद्ध विहारातून ही रीत देवळात गेली, तिथून जैन वसतीत आली.

वेमुलवाडचा पट परभणीत कसा? दानपत्र धारकाबरोबर फिरते. सोमदेवांच्या शिष्यपरंपरेतले कोणी जिंतूरकडच्या जैन वसतींत आले असावे. जिंतूरजवळच्या नेमगिरीची जैन लेणी मला या तर्काकडे ओढतात.

अशा जुन्या ठाण्यांवर कोरीव दगडांचे तुकडे दिसले की ‘कोणी फोडले?’ हाच प्रश्न पहिल्यांदा तोंडी येतो. घाव घातलेले दगड असतातच. पण चुना झिजला की सांध्यातून पाणी मुरते, फटीत पिंपळ रुजतो, मूळ जाडावते आणि तुळई सरकते. यासाठी शत्रू लागत नाही, गावाचे उत्पन्न तुटले की पुरते. म्हणून अशा तुकड्यापुढे आधी विचारावे: इथली डागडुजी कधी थांबली, आणि तिच्या खर्चाचे गाव कोणाकडे गेले?